शिस्त कीं मर्जी ?

एखाद्या नामांकित खेळाडूला संघांतून काढलें किंवा निलंबित केलें, कीं दुसऱ्याच दिवशीं एक ठरलेलें वाक्य कानांवर पडतें : 'संघापेक्षां कोणी मोठा नाहीं.' वाक्य खरें आहे. परंतु खरीं वाक्यें सुद्धां खोट्या कामाला जुंपतां येतात. ज्या संघाचें नांव घेऊन शिक्षा दिली जाते, तो संघ म्हणजे एकत्र खेळणारे अकरा जण, कीं त्यांच्या डोक्यावर बसलेला कर्णधार, व्यवस्थापक आणि दूर कोठें तरी बैठक भरविणारें मंडळ, हें विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आम्हांला तेंच विचारावयाचें आहे. आणि त्यासाठीं लाला अमरनाथ यांच्या प्रकरणाइतकें बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

डिसेंबर १९३३ मध्यें मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. त्यांत बावीस वर्षांच्या अमरनाथनें दुसऱ्या डावांत ११८ धावा काढल्या. हिंदुस्थानतर्फे कसोटींत काढलेलें तें पहिलें शतक. समोर कर्णधार सी. के. नायडू उभे होते आणि दोघांनीं मिळून १८६ धावांची भर घातली. सामना आपण हरलों. पण आपला माणूस साहेबाच्या गोलंदाजीला तोंड देऊं शकतो, ही गोष्ट त्या दिवशीं मुंबईनें डोळ्यांनीं पाहिली.

पुढें १९३६ सालीं संघ विलायतेस निघाला. नायडूंसारखा कसलेला सेनापति हाताशीं असतां कर्णधारपद मिळालें विजयानगरमच्या महाराजकुमारांना. महाराजकुमारांनीं खेळासाठीं पैसा खर्च केला होता, १९३०-३१ मध्यें हॉब्ज व सटक्लिफ यांना त्यांनीं हिंदुस्थानांत आणलें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. यजमान होण्याची त्यांची पात्रता निर्विवाद होती. पण मांडव घालून देणाऱ्यानें गाण्यालाहि बसलेंच पाहिजे, असा नियम कोणत्या शास्त्रांत आहे ? तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांच्या धावा झाल्या ३३. याच्या चारच वर्षें आधीं, १९३२ च्या दौऱ्यावर, पोरबंदरच्या महाराजांनीं स्वतःची मर्यादा ओळखली आणि कसोटीच्या वेळीं बाजूस होऊन नायडूंच्या हातीं संघ दिला. राजा असून त्यांना जें उमगलें, तें महाराजकुमारांना उमगलें नाहीं.

त्या दौऱ्यांत अमरनाथ ऐन भरांत होता. पहिल्या कसोटीपूर्वींच त्याच्या खात्यावर ६१३ धावा व ३२ बळी जमा झाले होते. एसेक्सविरुद्ध तर त्यानें एकाच सामन्यांत दोन शतकें झळकावलीं होतीं. अशा खेळाडूला लॉर्ड्सवर मायनर काउंटीजविरुद्धच्या सामन्यांत पॅड बांधून बसवून ठेवलें. एकामागून एक दुसरे फलंदाज त्याच्या आधीं धाडले गेले आणि दिवसाचा खेळ संपतां संपतां त्याला पाठविलें. परत आल्यावर त्यानें हातांतलें सामान आपटलें व पंजाबींत कांहीं तिखट उद्गार काढले. तेवढ्यावरून कर्णधार व व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स यांनीं त्याला घरचा रस्ता दाखविला. सहकाऱ्यांनीं केलेली रदबदली फुकट गेली. पहिली कसोटी सुरू होण्यापूर्वींच संघाचा सर्वांत उपयुक्त गडी बोटीवर चढला होता.

येथें शिस्तीचे कैवारी म्हणतील, 'त्यानें सामान आपटलें, अपशब्द बोलला. एवढें तरी खरें ना?' होय, खरें. अमरनाथ तापट होता आणि त्याचें तें वागणें शोभणारें नव्हतें. त्याला समज द्यावी, दंड करावा, एखादा सामना बसवावें. कोणीहि तक्रार केली नसती. पण आमचा मुद्दा निराळाच आहे. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला असें म्हणावयाचें, तोच येथें फिर्यादी होता, तोच साक्षीदार आणि तोच न्यायाधीश. शिक्षा आधीं झाली, चौकशी मागाहून. आणि शिक्षा तरी कोणाला झाली ? त्याच लॉर्ड्सवरील कसोटींत आपण १४७ धावा काढल्या व इंग्लंडचा डाव १३४ मध्यें गुंडाळून आघाडी मिळविली. अमरसिंगनें सहा गडी टिपले होते. मग दुसऱ्या डावांत सारा संघ ९३ धावांत गारद झाला आणि सामना नऊ गड्यांनीं हातचा गेला. अमरनाथ असता तर जिंकलोंच असतों, असें भाकीत वर्तविण्याचें कारण नाहीं. पण संघाच्या हितासाठीं म्हणून जी शिक्षा दिली, तिनें संघ दुबळा झाला, एवढें समजण्यास फार मोठ्या बुद्धीची गरज नाहीं.

संघ परतल्यावर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीनें चौकशी केली. जानेवारी १९३७ मधील तिच्या अहवालानें अमरनाथला दोषमुक्त केलें आणि ठपका ठेवला तो कर्णधारावर. त्यांना क्षेत्ररचना कळत नव्हती, गोलंदाज कधीं बदलावा हें कळत नव्हतें, फलंदाजीचा क्रम त्यांनीं कधीं नीट राखला नाहीं ! वाचकांनीं शेवटचा दोष पुन्हां एकदां वाचावा. अमरनाथ लॉर्ड्सच्या खोलींत जें संतापून ओरडला, तेंच न्यायाधीशांनीं सहा-सात महिन्यांनीं शांतपणें कागदावर लिहिलें. अंतर होतें तें केवळ भाषेचें. मध्यंतरीं महाराजकुमारांना 'सर' ही पदवी मिळून चुकली होती.

पण निर्दोष ठरल्यानें गेलेलें परत येतें काय ? फेब्रुवारी १९३४ नंतर अमरनाथ पुन्हां कसोटी खेळला तो थेट जून १९४६ मध्यें. त्या बारा वर्षांत आपल्या वांट्याला कसोटी सामने आले तीनच, आणि ते तिन्ही १९३६ च्या त्या उन्हाळ्यांतले. पुढें महायुद्ध आलें. म्हणजे बाविसाव्या वर्षीं शतक काढणाऱ्या खेळाडूनें पुन्हां कसोटीच्या मैदानावर पाऊल टाकलें तें पस्तिशीकडे झुकतांना. बोमंटसाहेबांच्या लेखणीला त्याचें नांव धुवून देतां आलें, तारुण्य परत देतां आलें नाहीं.

याहूनहि मोठें नुकसान दिसत नाहीं, म्हणून कोणी मोजीत नाहीं. एका गड्याला असें हांकलून दिलें, कीं उरलेले पंधरा जण काय शिकतात ? खेळ सुधारावयास नव्हे, तर तोंड मिटून राहावयास. आणि परत येणारा मनुष्य संघांत येतो, पण संघाचा होत नाहीं. प्रत्येक आज्ञेमागें तो डाव शोधतो, आणि अधिकारी त्याच्या प्रत्येक शब्दांत बंड शोधतात. अमरनाथच्या बाबतींत तसेंच घडलें. १९४७-४८ मध्यें तो आस्ट्रेलियांत हिंदुस्थानचा कर्णधार होता. पण १९४९ मध्यें डी मेलो अध्यक्ष असलेल्या मंडळानें 'सततचें गैरवर्तन व शिस्तभंग' या सबबीवर त्याला पुन्हां निलंबित केलें. आरोपांची जंत्री निघाली, तिला जाहीर उत्तरें निघालीं, घरचें भांडण चव्हाट्यावर आलें. कोणाचें किती चुकलें, याचा हिशेब आम्ही येथें करीत नाहीं. पण हाच 'बेशिस्त' मनुष्य १९५२-५३ मध्यें पुन्हां कर्णधार झाला आणि पाकिस्तानविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकून हिंदुस्थानला पहिला कसोटी-मालिका-विजय त्यानेंच मिळवून दिला, ही गोष्ट कोणास पुसून टाकतां येणार नाहीं.

आरोप करणारा व निवाडा देणारा वेगळा असावा, ही साधी गोष्ट आपल्या क्रिकेटच्या कारभारांत रुजावयास फार काळ लागला. मंडळाच्या २०१८ च्या घटनेंत लोकपालाची तरतूद झाली, तीहि सर्वोच्च न्यायालयानें कान धरल्यावर.

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा असता तर आम्हीं इतका मजकूर खर्चिला नसता. आपल्या घरांत, शाळेंत, कचेरींत 'उलट बोलला' हा अपराध 'चुकीचें केलें' याहून मोठा मानला जातो. मुलगा तावातावानें बोलला, तर त्याच्या आवाजाला शिक्षा होते. त्याच्या म्हणण्यांत तथ्य होतें काय, हें पाहण्याचें राहून जातें. शिस्त आम्हांलाहि हवी आहे. पण शिस्त म्हणजे जो नियम आज्ञा करणारालाहि बांधतो तो. जो केवळ आज्ञा पाळणारालाच बांधतो, त्याचें खरें नांव मर्जी. संघापेक्षां खेळाडू मोठा नाहीं, हें आम्हांला कबूल आहे. संघापेक्षां कर्णधारहि मोठा नाहीं, एवढें दुसऱ्या बाजूनें कबूल करावें, म्हणजे वाद मिटला.