सज्ज्यातील भाजीबाग : हातगुण की ऊन?

एकाने लावलेले रोप फोफावते आणि शेजाऱ्याचे त्याच जातीचे रोप पंधरवड्यात पिवळे पडून मान टाकते, तेव्हा पहिल्याला हातगुण आहे व दुसऱ्याला तो नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. शहरांतील इमारतींच्या सज्ज्यांत कुंड्या मांडून भाजी पिकविणाऱ्यांतही हा समज रूढ आहे. तो निरुपद्रवी मात्र नाही. शाळेतून मिळालेल्या टोमॅटोच्या रोपाला दोन-तीन महिने निष्ठेने पाणी घालूनही ज्याला एक फळ दिसत नाही, तो विद्यार्थी स्वतःलाच दोषी ठरवितो आणि पुन्हा कुंडीला हात लावीत नाही. वस्तुतः दोष बहुधा त्याच्या हाताचा नसून त्याच्या सज्ज्याला मिळणाऱ्या उन्हाचा असतो.

वनस्पती माती खाऊन वाढते, ही कल्पना या समजाच्या मुळाशी आहे. रोप खुरटले की आणखी खत घालण्याची बुद्धी होते ती यामुळेच. ब्रुसेल्सचे वैद्य यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यांनी 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षांनी झाड सुमारे 169 पौंडांचे झाले. माती मात्र सुमारे दोन औंसच घटली. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, 1648 मध्ये, प्रसिद्ध झाला. झाड केवळ पाण्यापासून बनते, हा त्यांचा निष्कर्ष अपुरा होता. हवेला शुद्ध करण्याचे वनस्पतीच्या हिरव्या भागांचे कार्य उजेडातच चालते, हे यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्ये दाखवून दिले. पाणी व हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून उन्हाच्या शक्तीवर वनस्पती आपले अन्न तयार करते, हे आज सर्वमान्य आहे. मातीतील खनिजे आवश्यक खरी. परंतु ती उन्हाची उणीव भरून काढू शकत नाहीत.

उन्हाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवितात. भर दुपारच्या उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते, तर उजळ वाटणाऱ्या खोलीत ती काही शेच भरते. उजेडाशी जुळवून घेऊन डोळा हा फरक झाकून टाकतो. पानाला तशी सोय नाही. म्हणून ऊन अंदाजाने न ठरविता मोजले पाहिजे.

हे मोजमाप गावोगावी निराळे येते. दिल्लीत डिसेंबरअखेर दुपारचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारे 38 अंशांवर असतो व दक्षिणाभिमुख सज्ज्यात ऊन खोलवर शिरते. जूनअखेर तोच सूर्य 85 अंशांवर चढतो. वरच्या मजल्याचा सज्जा तीन मीटर उंचीवर असेल, तर दुपारी खाली जेमतेम पाव मीटर रुंदीची उन्हाची पट्टी उरते. चेन्नईत एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. तेव्हा उत्तराभिमुख सज्ज्यालाही दुपारचे थोडे ऊन मिळते. कठड्याचा विचारही अवश्य करावा. दिल्लीतील त्याच हिवाळी उन्हात एक मीटर उंचीच्या भरीव कठड्याची सावली दुपारी सव्वा मीटर लांब पडते. त्याच्या आडोशाला जमिनीवर ठेवलेली कुंडी सावलीतच राहते. तीच भक्कम तिवईवर उचलून ठेवली की उन्हात येते.

यावरून पिकाची निवड आपोआप ठरते. फळ धरण्यासाठी वनस्पतीला शिल्लक साखर लागते. म्हणून मिरची, वांगी व टोमॅटो यांना रोज सहा तास तरी थेट ऊन हवे. मेथी, पालक, कोथिंबीर व पुदिना यांचे तीन-चार तासांत भागते. कडक उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर येते. त्या दिवसांत माठ अधिक भरवशाचा.

सज्ज्यातून घरची सारी भाजी मिळेल, हे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला रोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या लागतात. चार प्रौढांच्या कुटुंबाला 1600 ग्रॅम. चांगल्या शेतातही मेथीचा पाला हेक्टरी सुमारे 7 ते 10 टन, म्हणजे चौरस मीटरला फार तर एक किलोग्रॅम निघतो. दोन चौरस मीटर कुंड्यांतून महिन्याच्या श्रमाने एका दिवसाची गरज कशीबशी भागेल. मग हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप कोणी घेईल. कोथिंबीर व पुदिना लागतात चिमूटभर, पण रोज. आणि खुडल्यावर काही तासांतच त्या कोमेजू लागतात. अशा जिनसांसाठी सज्ज्यासारखे शेत नाही. शिवाय कारणाचा शोध घेण्याची जी सवय येथे लागते, तिचे मोल तराजूत करता येत नाही.

या हौसेबरोबर एक कर्तव्यही येते. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरविणाऱ्या एडीस डासाची पैदास उष्ण हवेत सात ते दहा दिवसांत पुरी होते. त्याची अंडी काठाला चिकटून कोरडेपणातही महिनोन् महिने टिकतात. यास्तव ताटली आठवड्यातून एकदा नुसती रिकामी न करता घासून कोरडी केली पाहिजे.

शाळांनी रोपे वाटण्याआधी विद्यार्थ्याला एक वही द्यावी हे इष्ट. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून सायंकाळी पाचपर्यंत दर तासाला सज्ज्यात ऊन कोठे पडते याची त्याने नोंद करावी, आणि त्या नोंदीवरून रोप निवडावे. ज्याच्या घरी ऊन मुळीच येत नाही, त्यालाही वगळण्याचे कारण नाही. मूग व मेथीला मोड येतात ते बियांत साठविलेल्या अन्नावर. त्यासाठी ऊन लागत नाही. मोड आल्यावर त्यांतील निम्मे खिडकीपाशी व निम्मे कपाटात ठेवून कोणते हिरवे होतात हे पाहण्याचा प्रयोग तो करू शकेल. त्याची वही इतर कोणाच्याही वहीइतकीच मोलाची ठरेल.