उंच माणूस निवडताना

श्री. विवेक रणदिवे,
मालक, सॅक्रामेंटो किंग्ज



४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये तुमचा एनबीए संघ इंडियाना पेसर्सशी खेळला. त्या दिवशी स्टँडमध्ये तीन हजारांहून जास्त शाळकरी पोरं बसली होती. त्यांतली बारा माझ्या शाळेतली. डोंबिवलीहून लोकल, दादरला गाडी बदलून महालक्ष्मी, तिथून रांग करून चालत. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि तुम्ही १३२-१३१ असा एका गुणाने हरलात. पण मला आठवतो तो सामन्याआधीचा सराव.

माझ्या शेजारी नववीतला एक मुलगा बसला होता. वर्गात सगळ्यांत उंच, मनगटं कायम शर्टाच्या बाहीबाहेर आलेली. खाली सात-सात फुटी खेळाडू डाव्या हाताने ड्रिबल करत होते, एका पायावर गिरकी घेत होते, पळता पळता एकमेकांना पास देत होते. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे पण ड्रिबल करतात?"

दोन वर्षं तो माझ्या हाताखाली खेळत होता आणि मी त्याला ड्रिबल शिकवलंच नव्हतं. रिंगखाली उभा राहा, हात वर ठेव, रिबाउंड आला की चेंडू ताबडतोब एखाद्या छोट्या पोराकडे दे. एवढंच सांगितलं होतं. तो उंच होता, त्यामुळे आंतरशालेय सामने आम्ही जिंकत होतो, आणि त्यापलीकडे त्याला काही येतं का हे बघण्याची गरज मला वाटली नव्हती. ती चूक माझी. पण तिच्याबद्दल तुम्हालाच लिहायचं कारण असं, की तुमच्या संघाकडून मी तीच चूक होताना पाहिली आहे, आणि दर जूनमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीचा ड्राफ्ट जवळ आला की ती पुन्हा होईल अशी भीती मला वाटते.

२०१५ मध्ये सहाव्या क्रमांकावर तुम्ही विली कॉली-स्टाइनला घेतलं. डेव्हिन बुकर तेराव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. २०१६ मध्ये डीमार्कस कझिन्स आणि कॉली-स्टाइन दोघेही संघात असताना पहिल्या फेरीतच आणखी दोन उंच खेळाडू आले, तेराव्या क्रमांकावर जॉर्जिओस पापायानिस आणि अठ्ठाविसाव्यावर स्काल लाबिसिएर. पापायानिसला दोन वर्षांच्या आत सोडून द्यावं लागलं.

मग आला २०१८ चा ड्राफ्ट. निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत तुमचं नशीब फळफळलं आणि सातव्या जागेवरून संघ थेट दुसऱ्या क्रमांकावर आला. लुका डॉन्चिच समोर होता. वय १९, रेआल माद्रिदबरोबर युरोलीग जिंकलेला आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. तुम्ही मार्विन बॅगलीला घेतलं. त्या निर्णयामागे विचारच नव्हता, असं मी म्हणणार नाही. ड्यूक विद्यापीठातल्या एकाच वर्षात बॅगलीने सामन्यामागे २१ गुण आणि ११ रिबाउंड काढले होते. चेंडू खेळवायला डिॲरन फॉक्स संघात होताच. पुढे बॅगलीचा अंगठा मोडला, पाय दुखावला, दुसऱ्या हंगामात तो जेमतेम १३ सामने खेळला. यात त्या पोराचा काही दोष नाही.

डॉन्चिचचं गाऱ्हाणं सॅक्रामेंटोतल्या लोकांनी खूप गायलं आहे, मी त्यात भर घालत नाही. मला वेगळंच खटकतं. समजा, उंच माणूसच हवा होता. मग कोणता? पहिल्या सात जणांत पाच उंच खेळाडू होते: एटन, बॅगली, जॅरेन जॅक्सन, मो बाम्बा, वेंडेल कार्टर. बाम्बाच्या दोन हातांचा पसारा ७ फूट १० इंच भरला, तोवरच्या सगळ्या मोजमापांत सर्वांत मोठा. त्या वर्षी जो तो त्या आकड्याबद्दल बोलत होता. आणि २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला तो चौथ्या क्रमांकावर गेलेला जॅक्सन. तो रिंगजवळ फटके अडवतो आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारतोही, म्हणून त्याला राखणारा उंच माणूस रिंग सोडून बाहेर खेचला जातो आणि आतली वाट मोकळी होते. ही गोष्ट टेपने मोजता येत नाही.

उंचीचा घोळ असा आहे साहेब, की ती दिसते. आकड्यात लिहिता येते, आणि बैठकीत आकडा वाचून दाखवला की समोरचा गप्प बसतो. उंच माणूस काय बघतो, कधी बोलतो, पाय कसे टाकतो, हे सांगायला वेळ लागतो.

आजच्या खेळात सेंटरचं काम काय असतं? समोरचा गार्ड चेंडू घेऊन येतो, त्याचा उंच साथीदार स्क्रीन लावतो, आणि आपला गार्ड त्या स्क्रीनवर अडकतो. त्या अर्ध्या सेकंदात सगळा निर्णय आपल्या सेंटरच्या हातात. मागे सरकून रिंग सांभाळायची, की पुढे येऊन गार्डला अडवायचं? मागे सरकला तर नेमबाज तिथूनच मारतो. पुढे आला तर त्याला पंधरा किलोने हलक्या, दुप्पट चपळ माणसासमोर पाय हलवावे लागतात. शिवाय पाचांपैकी तोच सगळ्यांच्या मागे असतो, म्हणून पूर्ण कोर्ट फक्त त्यालाच दिसतं. "स्क्रीन डावीकडून!" असं त्याने ओरडायचं असतं. न बोलणारा सेंटर म्हणजे फाटक बंद असताना झोपलेला वॉचमन. पोरांच्या सामन्यांतही मी आता आधी हेच ऐकतो.

आक्रमणात त्याहून सूक्ष्म. सेंटरला चेंडू मिळाला की दोघं धावून येतात. म्हणजे कुणीतरी एक मोकळा सुटलेला असतो. तो कोण, हे चेंडू हातात पडायच्या आत ज्याला कळतं, त्याच्याभोवती संघ उभा राहतो. हे सॅक्रामेंटोला कुणी शिकवायला नको. तुमच्या गावाचा सोन्याचा काळ दोन उंच माणसांच्या पासिंगवर उभा होता, व्लाडे दिवाच आणि क्रिस वेबर. २००२ मध्ये ६१ विजय, आणि लेकर्सशी सातव्या सामन्यापर्यंतची झुंज. २०१८ मध्ये बॅगलीची निवड झाली तेव्हा संघाची सूत्रं त्याच दिवाचकडे होती, याचं मला आजही वाईट वाटतं. उंच माणसाने काय बघायचं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि सॅबोनिस! डॉमंटास सॅबोनिस त्या दिवशी वरळीत समोरच्या संघात होता. २०१६ मध्ये तो अकराव्या क्रमांकावर गेला होता, कारण हातांचा पसारा कमी पडतो अशी त्याच्याबद्दलची तक्रार. २०२२ मध्ये टायरीस हॅलिबर्टन देऊन तुम्ही त्याला आणलंत. हॅलिबर्टनने पुढे इंडियानाला अंतिम फेरीत नेलं, तेव्हा त्या सौद्याची किंमत मोठी होती हे खरंच. पण २०२२-२३ मध्ये त्याच सॅबोनिसने रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, सामन्यामागे सातहून जास्त असिस्ट दिले, तुमचं आक्रमण लीगमधलं सर्वांत धारदार ठरलं, आणि सोळा हंगाम कोरडे गेल्यानंतर संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. विजयानंतर सोडला जाणारा जांभळा झोत आकाशात गेला तेव्हा मी पहाटे फोनवर बघत होतो आणि डोळे भरून आले होते. निकोला योकिच तर एक्केचाळिसावा निवडला गेला होता. आणि तो तीनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

रणदिवे साहेब, हे सगळं तुम्हाला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुमची पहिली बास्केटबॉलची गोष्ट उंचीची नाहीच. रेडवूड सिटीतल्या, तुमच्या मुलीच्या बारा वर्षांच्या मुलींच्या संघात ना उंची होती ना नेमबाजी. तुम्ही स्वतः कधी हा खेळ खेळला नव्हता. तरी सबंध कोर्टभर प्रेस लावून समोरच्या संघाला चेंडू आत टाकूच न देणाऱ्या त्या पोरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेल्या. माल्कम ग्लॅडवेलने ते लिहिलं आणि जगभर वाचलं गेलं. आमच्या शाळेत मी ते मराठीत सांगतो, सहावीच्या मुलींना, दर वर्षी. जुहूत वाढलेल्या माणसाने हे केलं, एवढं सांगितलं की त्यांची पाठ ताठ होते.

म्हणूनच तुमच्या निवडीचा परिणाम इथवर येतो. एप्रिल २०१५ मध्ये तुमच्या संघाने सिम भुल्लरला उतरवलं, ७ फूट ५ इंच, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. त्याच वर्षी डॅलसने पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. आम्ही पेढे वाटले. पण त्यानंतर मैदानावर येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न बदलला. "याची उंची अजून किती वाढेल?" काही प्रशिक्षक निवड चाचणीला चेंडूच्या आधी टेप काढू लागले. त्यात तुमचा दोष नाही. पण सॅक्रामेंटोने उंच माणसाची निवड त्याच्या नजरेवरून केली, असं पोरांना सांगता आलं, तर ते माझ्या शंभर तासांपेक्षा जास्त काम करेल.

२०२५ मध्ये बेचाळिसाव्या क्रमांकावर तुम्ही स्टॅनफर्डच्या मॅक्सिम रेनोला घेतलंत. ७ फूट १ इंच, आणि बाहेरून मारणारा. ही निवड मला आवडली. त्याला खेळायला मिनिटं द्या, त्याच्या चुका सोसा. उंच पोरं उशिरा पिकतात. अंग आधी वाढतं, पाय मागून येतात, आणि मधल्या दोन-तीन वर्षांत त्यांना अवघडलेलं बघून आपण फार लवकर निकाल देतो.

पुढच्या वेळी कोणता उंच खेळाडू घ्यायचा यावर त्या खोलीत वाद पेटेल, तेव्हा एक विनंती. उंची, वजन, हातांचा पसारा लिहिलेला कागद बाजूला ठेवायला सांगा. त्या मुलाच्या शेवटच्या दहा सामन्यांत, तो दोघांत घेरला गेला असे सगळे प्रसंग लावा, आवाज चालू ठेवून. त्याने चेंडू कुणाकडे दिला ते बघा. बचावात तो काय ओरडत होता ते ऐका. आणि हरत असताना शेवटच्या चार मिनिटांत त्याचे पाय किती जड झाले, तेही.

माझा तो नववीतला मुलगा त्या डिसेंबरपासून रोज सकाळी सहाला यायचा. सुरुवातीला ड्रिबल करताना चेंडू त्याच्या बुटावर आपटून दूर जायचा, आणि एवढा उंच मुलगा मैदानभर त्याच्यामागे धावायचा. मार्चमध्ये शाळा बंद झाली, तोवर तो मान वर ठेवून ड्रिबल करू लागला होता. वर बघत होता म्हणून त्याला कोपऱ्यात मोकळा उभा असलेला सातवीतला पोरगा दिसला, आणि त्याने चेंडू तिकडे टाकला.

आपला,
एक क्रीडाशिक्षक,
डोंबिवली