लाथाबुक्क्यांची पंचायत

आमच्या नातीनें किकबॉक्सिंग शिकण्याचा मानस बोलून दाखविला, तेव्हां घरांत एकच कल्लोळ झाला. "लाथाबुक्क्या शिकावयास का गुरु लागतो?" असें आमच्या वडील भगिनी म्हणाल्या, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही मत फारसें निराळें नव्हतें. तथापि न वाचतां निकाल देणें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून या खेळाचें नियमन करणाऱ्या एका संस्थेचा इतिहास आम्हीं पाहिला.

'किकबॉक्सिंग' हें नांव जपानांतलें, १९६० नंतरच्या दशकांतलें. पुढें अमेरिकेंतील कराटेपटूंनीं पूर्ण जोराच्या लढती सुरू केल्या. १९७४ सालीं तेथें 'पी. के. ए.' व १९७६ सालीं 'डब्ल्यू. के. ए.' या संस्था निघाल्या. जितक्या संस्था तितके जगज्जेते, असा तो काळ. त्याच १९७६ सालीं माइक अँडरसन हे अमेरिकन गृहस्थ व बर्लिनचे गेऑर्ग ब्रुकनर यांनीं 'वाको' स्थापिली आणि १९७८ सालीं बर्लिन येथें तिची पहिली जागतिक स्पर्धा भरविली.

वाकोनें मारामारीस पायऱ्या पाडून दिल्या आहेत. 'पॉइंट फायटिंग'मध्यें नेमका प्रहार लागतांच पंच लढत थांबवून गुण देतात. 'लाइट कॉन्टॅक्ट'मध्यें लढत चालू राहते, परंतु जोर आवरावा लागतो. 'फुल कॉन्टॅक्ट'मध्यें जोरास आडकाठी नाहीं, पण लाथ कमरेच्या वरच मारावयाची. मांडीवर मारण्याची मुभा 'लो किक' या निराळ्या प्रकारांत.

परंतु खेळाडूंस संयम शिकविणाऱ्या या संस्थेंतच फूट पडली. १९८५ सालीं एक जागतिक स्पर्धा लंडन येथें, तर दुसरी बुडापेस्ट येथें झाली. घराचे वांटे झाले म्हणजे एकाच कुलदैवताचे दोन उत्सव कसे होतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सुदैवानें हें घर पुन्हां एक झालें आणि १९८७ सालीं म्युनिच येथें एकच स्पर्धा भरली. २००६ सालीं 'आय. ए. के. एस. ए.' ही दुसरी संस्थाही वाकोंत विलीन झाली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें नोव्हेंबर २०१८ मध्यें तिला तात्पुरती व जुलै २०२१ मध्यें टोकियोच्या अधिवेशनांत पूर्ण मान्यता दिली. ही मान्यता म्हणजे ऑलिंपिक सामन्यांत प्रवेश नव्हे; तरी स्थापनेपासून एवढ्याकरितां पंचेचाळीस वर्षें लागलीं. वांटे तसेच राहते, तर तीही मिळणें कठीण होतें.

नातीस आम्हीं परवानगी दिली. अट एवढीच कीं, प्रारंभ जोर आवरण्याच्या प्रकारापासून करावा. वडील भगिनींची समजूत मात्र अद्याप पटावयाची आहे.