जुनी मोटारसायकल घेण्यापूर्वी



इंदूरच्या एका तरुण वाचकाने या सदराकडे पाठविलेला प्रश्न थोडक्यात असा : शेजारच्या गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळची एक बुलेट मोटारसायकल आहे. अनेक वर्षे पडवीत उभी असलेली ही गाडी आता विकावयाची आहे. वाचकास तिचा फार मोह आहे; परंतु घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे, की जुने यंत्र म्हणजे विकतचे दुखणे. अशा स्थितीत काय करावे?

प्रश्न दिसतो तितका एकट्याचा नाही. गेल्या काही वर्षांत जुन्या मोटारसायकलींची आवड आपल्याकडे पुष्कळच वाढली आहे आणि तिला कारणही आहे. 1955 साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. आरंभी इंग्लंडमधून आलेले सुटे भाग जोडून, व पुढे सर्व भाग येथेच घडवून, तिने साडेतीनशे सी.सी.ची बुलेट बाजारात आणली. मूळ इंग्रज कारखाना 1960 नंतरच्या दशकात बंद पडला. परंतु त्याचे हे अपत्य मात्र आपल्या देशात वाढत राहिले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून प्रथम जावा व 1973 पासून येझदी या नावाने निघालेल्या दोन सायलेन्सरांच्या गाड्या 1996 पर्यंत बनत होत्या. एस्कॉर्ट्‌सची राजदूत तर दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांच्या परिचयाची होती. या गाड्यांशी कोणाच्या तरी वडिलांची, मामांची किंवा मास्तरांची आठवण जोडलेली असते. मनुष्य यंत्र विकत घेत नाही, तर ती आठवण विकत घेतो; आणि नेमका तेथेच फसतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी माझे वडील बंधू व मी अशा दोघांनी मिळून एक बुलेट घेतली. आमच्या मामांकडे तशीच गाडी होती व तिच्या टाकीवर बसून आम्ही लहानपणी फेऱ्या मारलेल्या होत्या. विकणारे गृहस्थ अत्यंत सौजन्यशील होते. त्यांनी चहा दिला, गाडी एका किकेत सुरू करून दाखविली. काळा रंग आरशासारखा चमकत होता. नोंदणीपुस्तकातील चॅसीचा क्रमांक आम्ही ताडून पाहिला, तो जुळला. इंजिनाच्या क्रमांकावर ग्रीसचा थर होता. दादा म्हणाले, "एक जुळला म्हणजे दुसराही जुळणारच." मी मान डोलाविली.

पुढे मालकी बदलण्यासाठी गाडी परिवहन कार्यालयात नेली, तेव्हा तेथील निरीक्षकाने ग्रीस पुसले, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली व उमटलेला छाप आमच्यापुढे धरला. शेवटचे दोन आकडे निराळे होते. मूळ इंजिन केव्हातरी काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचे बसविलेले होते व त्याची नोंद कोठेही नव्हती. ते दुसरे इंजिन कोणाचे, ते विकत घेतलेले की चोरीचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर विकणाऱ्यास देता येईना. आठ महिने हेलपाटे घालून अखेर ती गाडी आम्ही त्याच गृहस्थांस निम्म्या किमतीत परत दिली. बुडालेल्या रकमेत माझ्या पत्नीच्या भिशीचे पैसे होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "प्रुफे तपासताना तुम्ही एक अनुस्वारसुद्धा सोडत नाही. मग हे आकडे कसे सोडलेत?" त्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ आजही नाही. वाचकांवर तशी पाळी येऊ नये म्हणून हा प्रपंच.

तेव्हा पहिली गोष्ट कागदांची. गाडी पाहावयास जाताना सोबत रॉकेलमध्ये भिजविलेले फडके, पांढरा कागद, पेन्सिल, बॅटरी व एक लहानसा लोहचुंबक न्यावा. इंजिनाचा व चॅसीचा, असे दोन्ही क्रमांक स्वच्छ पुसून त्यांचे पेन्सिलछाप घ्यावेत आणि ते नोंदणीपुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडावेत. क्रमांकाभोवती कानशीने घासल्याच्या खुणा असतील, अथवा आकडे वेडेवाकडे ठोकलेले दिसतील, तर किंमत विचारण्याचेही कारण नाही. चहा घेऊन परतावे. परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणकीय नोंदवहीत गाडीचा क्रमांक घालून पाहावा. पुष्कळ जुन्या गाड्यांची नोंद अद्याप हस्तलिखित पुस्तकांतच असते. तसे असल्यास ती संगणकावर चढविण्याचे काम विकणाऱ्यानेच व्यवहारापूर्वी करून द्यावे, असे सांगण्यात संकोच नसावा. कर्जाचा बोजा, विम्याची मुदत, परराज्यातील गाडी असल्यास तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, आणि मूळ मालक हयात नसल्यास वारसांची संमती, हेही पाहावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते व पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. हे नूतनीकरण वर्षानुवर्षे राहून गेलेले असेल, तर त्याचा खर्च व खटाटोप किमतीतून वजा धरावा. दिल्ली व तिच्या परिसरात जुन्या वाहनांवर निराळे निर्बंध आले आहेत. तिकडील वाचकांनी स्थानिक नियमांची आधी चौकशी करावी.

येथेच एका गैरसमजाचा उलगडा करणे इष्ट. प्रत्येक जुनी गाडी 'व्हिंटेज' नव्हे. केंद्र सरकारने 2021 साली केलेल्या नियमांप्रमाणे प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनासच ही संज्ञा लागू होते. अशा नोंदणीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती दहा वर्षे चालते. तथापि अशी नोंदणी घेतलेले वाहन प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते; रोज कचेरीस जाण्यासाठी नव्हे. म्हणून विकणारा 'व्हिंटेज' म्हणून चढा भाव सांगू लागला, तर गाडीचे साल प्रथम विचारावे.

कागद पटले म्हणजे मग यंत्राकडे वळावे. गाडी सकाळी पाहावी आणि आपण येण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच कळवावे. पोहोचताच प्रथम इंजिनास हात लावावा. ते कोमट लागले, तर थंडीत सुरू होण्याची खोड लपविलेली आहे असे खुशाल समजावे.

रंगाच्या चमकेस भुलू नये. टाकीवर व मडगार्डांवर लोहचुंबक फिरवावा. जेथे तो धरत नाही तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. टाकीचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. तळाशी तांबूस गंज असेल, तर तोच गंज पुढे कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते दमटपणा शोषून घेते व जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या फुगविते. सबब दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या नळ्या व वायसर बदलावे लागणारच, असे धरून चालावे.

नंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. दोन्ही फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवावेत. 'कट्' असा खेळ जाणवला, तर मानेतील छरे झिजले आहेत. मागचे चाक आडवे हलवून तेथील बुशांची हीच परीक्षा घ्यावी. चाक फिरवून ते डुलते काय ते पाहावे व चमच्याने एकेक आरा वाजवावा. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. मागच्या चाकामागे उकिडवे बसून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात की नाही, ते डोळा लावून पाहावे. न दिसल्यास गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे. टायरच्या नक्षीवरून त्याचे वय कळत नाही. बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडे तीनच असतील, तर तो टायर 2000 सालापूर्वीचा आहे व त्यावर घरच्या माणसास बसविणे हा गुन्हाच समजावा.

आता इंजिन. जुन्या बिडाच्या बुलेटला किक मारणे ही अंगबळाची बाब नसून ती समजुतीची आहे. चावी फिरवून किक सावकाश दाबीत न्यावी. अँमीटरचा काटा मध्यावर आला, म्हणजे पिस्टन दाबाच्या माथ्याजवळ पोहोचला. तेथे डिकम्प्रेसरचा खटका ओढून किक किंचित पुढे न्यावी, खटका सोडावा, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच सलग, पूर्ण दाब द्यावा. हे न जाणता कोणी नुसता जोर लावील, तर किक उलटून घोटा दुखावतो. किकेवर उभे राहूनही ती सरसर खाली जात असेल व इंजिन फिरत असेल, तर दाब उरलेला नाही. इंजिनच फिरत नसेल, तर क्लच घसरत आहे किंवा किकेचे दाते झिजले आहेत.

सुरू होताना थोडा धूर आला, तर घाबरू नये. फार दिवस उभ्या असलेल्या बुलेटमध्ये तेल खाली उतरून साठते व ते प्रथम जळते. पाचदहा मिनिटांनंतरही निळा धूर चालूच राहिला, तर मात्र पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड गेलेले असण्याचा संभव असतो. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे. तो दोष बहुधा स्वस्तात निघतो. जावा, येझदी व राजदूत यांच्या पेट्रोलातच तेल मिसळावयाचे असल्याने त्यांस थोडा निळसर धूर येणे स्वाभाविक आहे. आवाज कान देऊन ऐकावा. वरच्या बाजूची बारीक टकटक टॅपेटची असते व ती जुळवून घेता येते. परंतु तळातून हातोड्यासारखा जड ठोका येत असेल, तर पूर्ण इंजिन उघडावे लागेल.

फेरी मारताना एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली व ब्रेक डाव्या पायाखाली असतो. पहिला गिअर वर व पुढचे तीन खाली. आजच्या गाडीची सवय झालेला मनुष्य घाईच्या क्षणी ब्रेक म्हणून गिअर दाबतो. म्हणून प्रथम मोकळ्या मैदानात सराव करावा, रहदारीत जाऊ नये. एरवी कितीही कुशल असलेल्या चालकाने येथे स्वतःस शिकाऊच समजावे. फेरीत गाडी एका अंगास ओढते काय, वेग कमी करताना गिअर सुटतो काय, दोन्ही ब्रेक खरोखर धरतात काय, हे पाहावे. परतल्यावर इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून पंधरा मिनिटे गप्पा माराव्यात. बुलेट थोडी पाझरते हे तिचे चाहतेही मान्य करतात. परंतु ओलसरपणा वेगळा आणि थेंबांची रांग वेगळी.

हे सर्व झाल्यावरही ओळखीच्या मिस्त्रीस एकदा गाडी दाखवावी. जो मिस्त्री विकणाऱ्याने सुचविला, तो नको. ठरलेल्या किमतीच्या निदान एकचतुर्थांश रक्कम पहिल्या सहा महिन्यांच्या डागडुजीसाठी वेगळी काढता येत नसेल, तर तूर्त खरेदी करू नये. मालकीबदलाचे अर्ज दोघांच्या सह्यांनी त्याच दिवशी भरावेत. विकत घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत कार्यालयास कळवावे, असा 1988 च्या कायद्याचा दंडक आहे. विमा नावावर झाल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर काढू नये.

इंदूरच्या वाचकास एवढेच सांगावयाचे, की घरच्या मंडळींचा विरोध गाडीस नसतो, तो बेसावधपणास असतो. आपण हे सारे तपासून, कागदावर टिपून, खर्चाच्या अंदाजासह त्यांच्यापुढे ठेवा. गाडी सदोष निघाली, तर तीच टिपणे आपणांस वाचवतील. निर्दोष निघाली, तर विरोध करणारे वडीलच पहिल्या फेरीस मागे बसतील, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यासाठी एक हेल्मेट मात्र आठवणीने घ्या.

ता. क. — आम्ही बंधूंनी पुढे दुसरी बुलेट घेतली. या वेळी पेन्सिलछाप माझ्या पत्नीने घेतला.