गादी रोमची, धर्मप्रांत वऱ्हाडचा

दि. 8 मे 2025 रोजी व्हॅटिकनच्या धुराड्यातून पांढरा धूर निघाला आणि लिओ चौदावे पोपपदी आले. मतदान करणाऱ्या 133 कार्डिनलांत चार भारतीय होते. यवतमाळकरांना ही दूरदेशीची वार्ता वाटेल. पण तशी ती नाही. कॅथलिक व्यवस्थेत यवतमाळ जिल्हा 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो आणि त्या धर्मप्रांताचा बिशप पोप नेमतात.

ही सत्ता कशी उभी राहिली? येशूचा शिष्य पीटर हा पहिला पोप, अशी चर्चची श्रद्धा आहे. तथापि, रोममध्ये एकच बिशप सर्वाधिकारी असण्याची पद्धत दुसऱ्या शतकात रुजली, असे अनेक इतिहासकार मानतात. पश्चिमेतील रोमन साम्राज्य ढासळत असताना पहिल्या लिओने (440-461) पीटरच्या वारशाच्या आधारे सर्व चर्चवर अधिकार सांगितला. पोप निवडण्याचा मुख्य अधिकार 1059 मध्ये कार्डिनलांकडे आला. पुढे व्हितेर्बो येथे निवड जवळजवळ तीन वर्षे रखडली, तेव्हा 1274 मध्ये कार्डिनलांना कोंडून मतदान घेण्याचा नियम झाला. 1378 ते 1417 या काळात तर दोन, आणि अखेर तीन जण एकाच वेळी पोपपदावर हक्क सांगत होते! ईश्वरी म्हणविल्या जाणाऱ्या परंपरेला राजकारण कधीच वर्ज्य नव्हते. 1870 मध्ये पोपच्या हातून रोम गेले. 1929 च्या लॅटरन कराराने 44 हेक्टरांचे सार्वभौम राज्य मिळाले. म्हणजे पोप हे धर्मगुरू आहेत, तसेच एका परकीय राज्याचे प्रमुखही आहेत.

या सत्तेची झळ भारताने सोसली आहे. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या धर्माधिकारांच्या छत्राखाली गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशनचा वरवंटा फिरला.

रोमशिवाय ख्रिस्ती राहता येत नाही काय? उत्तर यवतमाळातच आहे. 1953 ते 1983 या काळात येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती प्रोटेस्टंट; पोपची सत्ता न मानणारी. यवतमाळ जुन्या मध्य प्रदेशात असताना नेमल्या गेलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने 1956 च्या अहवालात भारतीय चर्चने परकीय आधाराविना स्वतंत्र व एकसंध व्हावे, असे सुचविले होते. ही सूचना ख्रिस्ती बांधवांच्या श्रद्धेविरुद्ध नव्हती. त्यांच्या स्वाभिमानाची कदर करणारी होती. ती कागदावरच राहिली. उलट 2018 मध्ये बिशपांच्या नियुक्तीत चीनच्या शासनाला वाटा देणारा करार व्हॅटिकनने केला. चीनपुढे लवचीक होणारे रोम भारतीय कॅथलिकांना आपला बिशप आपण निवडण्याचा हक्क का देत नाही, हा प्रश्न त्यांनीच विचारावयास हवा.

हिंदू समाजाला एक गादी नाही, एक राजधानी नाही. कळंबच्या चिंतामणीसमोर हात जोडणाऱ्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही. हे आपले बळ आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. रोमची यंत्रणा शतकानुशतके माणसे घडविते, शाळा-दवाखाने चालविते. झरी-जामणी, मारेगावच्या कोलाम पोडांवर आजारी माणसाच्या उशाशी प्रथम कोण पोहोचतो, यावरच उद्याचे नाते ठरणार आहे. केवळ निषेधाची पत्रके काढून ते जोडले जात नाही. गादी नसलेल्या समाजात प्रत्येक कार्यकर्त्यालाच ती जबाबदारी उचलावी लागते.