मकोल्याचा सुरुंग

महागाई झाली कीं तिचें खापर ज्याच्या हातीं तराजू असेल त्याच्या माथीं फोडावयाचें, ही रीत सर्वत्र रूढ आहे. घानामध्यें तें माथें बायकांचें होतें, एवढेंच. 1979 च्या ऑगस्टमध्यें अक्रा शहरांतील नंबर एकचा मकोला बाजार लष्करी सरकारनें सुरुंग लावून जमीनदोस्त केला. व्यापारिणी नफेबाज ठरल्या. कित्येकींना चारचौघांत फटके मारण्यांत आले. स्वस्ताई मात्र आली नाहीं. ती यावी कशी? 1977 मध्येंच चलनवाढ शेंकडा शंभरावर गेली होती. सरकारचें कोको मंडळ शेतकऱ्याला इतका तुटपुंजा भाव देई कीं, कोको चोरट्या वाटेनें आयव्हरी कोस्ट व टोगो या मुलखांत जाई. देशांतील सर्वांत मोठा दलाल हें मंडळच! त्याच्या कचेरीला कोणीं सुरुंग लावल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं.

हल्लीं सुरुंगाऐवजीं शिकवणी आली आहे. या बायकांना वाटाघाटीचें कौशल्य शिकवावें, असें विद्वान सुचवितात. त्यांनीं कुमासीच्या बाजारांत एक सकाळ काढावी. तेथें टोमॅटोच्या ढिगाची किंमत सहसा हलत नाहीं. घासाघीस चालते ती वर आणखी किती फळें टाकावयाचीं याची. (वर कोथिंबिरीची काडी मागणाऱ्या आमच्या गृहिणींना हें शास्त्र निराळें सांगावयास नको.) घाऊक व्यापार करणारी बाई कधीं शेतकऱ्याचा माल उधारीनें उचलते, तर कधीं त्यालाच आगाऊ रक्कम देते. प्रत्येक मालाच्या व्यापारिणींची एक प्रमुख असते. तिला 'ओहेम्मा', म्हणजे राणी, म्हणतात. तंटे ती तोडते, आणि तिचा शब्द चालतो. कारण उद्यांही त्याच माणसांशीं व्यवहार करावयाचा असतो. ग्रेशिया क्लार्क या विदुषीनें 1994 सालच्या आपल्या ग्रंथांत कुमासीचें हें सारें जग तपशीलानें मांडलें आहे.

टोमॅटोच्या राण्या बाजारांत येणारा माल अडवून भाव चढे ठेवतात, असा आरोप होतो. तो सर्वस्वीं खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांत शेतकरी भरडला जातो. पण शीतगृहाची सोय नसतां दहा लॉऱ्या एकदम रित्या झाल्या, तर संध्याकाळपर्यंत त्या फळांचा चिखल होतो, आणि तोही शेतकऱ्याच्याच जिवावर. आवक कोणीतरी आवरणारच. सरकारनें आवरली तर ती योजना आणि बाईनें आवरली तर नफेबाजी, हा न्याय आम्हांस उमगत नाहीं. शीतगृहें बांधा, रस्ते करा, पेढ्यांना यांच्या दारीं पाठवा. मग शिकवणीचें पाहूं.

मकोल्याच्या त्या जागेवर पुढें मोटारी उभ्या करण्याचा तळ झाला. बायका आसपासच्या रस्त्यांवर अजूनही टोपल्या मांडून बसतात.