करार कोणाच्या जिवावर?



आमच्या युनियन ऑफिसात संध्याकाळच्या चहाला जो अड्डा जमतो त्यात स्पोर्ट्स कोट्यातून भरती झालेला एक तरुण टी.सी. असतो. हॉकी म्हणजे त्याचा जीव. देशातली असो की परदेशातली, त्याला सगळे तोंडपाठ. मागच्या महिन्यात त्याने आम्हाला कॅनडातल्या एका खेळाडूची हकीकत सांगितली. ती संपायच्या आतच एक जुना पॉइंट्समन म्हणाला, "लाखो डॉलर मिळतात आणि वर रुसतोय? आठ दिवस आमच्या यार्डात रात्रपाळीला पाठवा त्याला." सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र ते हसू आम्हाला बोचू लागले. का बोचले, तेच येथे लिहीत आहोत.

ही हॉकी आपल्या ध्यानचंदांची मैदानी हॉकी नव्हे. ती बर्फावर, पायांना धारदार पट्ट्यांचे बूट बांधून, चेंडूऐवजी रबराच्या चकतीने खेळतात. अमेरिका आणि कॅनडा मिळून तिची एक मोठी धंदेवाईक लीग आहे, नॅशनल हॉकी लीग. प्रत्येक संघ हा मालकाचा धंदा. आपल्या हकीकतीतला पोरगा जोनाथन द्रुएँ, क्युबेक प्रांतातला, फ्रेंच बोलणारा, जन्म मार्च १९९५ चा. हॅलिफॅक्सच्या कुमार संघात तो आणि नॅथन मॅकिनन अशी जोडी होती. २०१३ साली त्या संघाने कॅनडातली कुमारांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली.

त्याच वर्षी जूनमध्ये ड्राफ्ट झाला. ड्राफ्ट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण खरी गोम तिथेच आहे. अठरा वर्षांची पोरे एका सभागृहात बसवतात, आणि मालक आळीपाळीने नावे पुकारतात. ज्याने नाव घेतले त्याच्याकडे पोराने जायचे. पोराला कोणी विचारत नाही की बाबा, तुला कुठे नोकरी करायची आहे. मॅकिनन पहिला पुकारला गेला, कोलोरॅडोकडे. द्रुएँ तिसरा, फ्लोरिडातल्या टँपा बे संघाकडे. (फ्लोरिडाच्या उन्हात बर्फावरची हॉकी! पैसा असला की काय होत नाही.) पहिला करार तीन वर्षांचा, आणि त्यातल्या पगाराला कमाल मर्यादा, त्या काळी वर्षाला ९,२५,००० डॉलर. पोरगा कितीही गुणी निघाला तरी मूळ पगार त्याच्या वर जायचा नाही.

पहिले वर्ष टँपाने त्याला परत हॅलिफॅक्सला धाडले. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१४-१५ मध्ये, तो ७० सामने खेळला. गोल झाले फक्त ४. त्या वर्षी टँपाचा संघ थेट अंतिम फेरीत पोचला आणि शिकागोकडून हरला, पण त्या बाद फेऱ्यांत द्रुएँला ६ सामने मिळाले. बाकीच्या वेळी कपडे चढवून तयार, पण यादीत नाव नाही. 'स्टँड बाय' काय असते ते आपल्या रनिंग स्टाफला सांगायला नको.

पुढच्या मोसमात दुखापती आल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने एजंटामार्फत व्यवस्थापनाला कळवले की मला दुसऱ्या संघात द्या. शांतपणे, रीतीप्रमाणे केलेली विनंती. तिचे काही झाले नाही. २ जानेवारी २०१६ ला व्यवस्थापनाने त्याला सिराक्यूज या गावी दुय्यम संघात उतरवले, आणि दुसऱ्याच दिवशी एजंटाने बदलीची मागणी जाहीर करून टाकली. २० जानेवारीला सिराक्यूजचा सामना होता. द्रुएँ खेळायला उतरला नाही. त्याच दिवशी त्याला बेमुदत, बिनपगारी निलंबित केले गेले. आपल्याकडे निलंबित माणसाला निदान निर्वाह भत्ता मिळतो, अर्ध्या पगाराच्या हिशेबाने. त्याला शून्य.

मग काय विचारता! लाडावलेला पोरगा, कृतघ्न, घाई झालेली पिढी, आमच्या वेळी असे नव्हते. यार्डातल्या आमच्या मित्राचेच शब्द, फक्त इंग्रजीत.

आता दोन आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप पैशाचा. लक्षाधीशाला कामगार कसे म्हणायचे? बंधूंनो, जो आपले श्रम विकतो आणि ज्याचे श्रम कुठे, कोणासाठी, किती भावाने विकायचे हे दुसरा ठरवतो, तो कामगार. पगार मोठा असेल, पण मालकाचा नफा त्याहून मोठा आहे. आणि हा पगार चालतो किती वर्षे? गुडघा गेला की संपले. अर्थात एक गोष्ट मान्य केली पाहिजे. द्रुएँ सहा-सात आठवडे बिनपगारी घरी बसू शकला. आपला ट्रॅकमन सात दिवस बसू शकत नाही. म्हणून त्याच्या लढ्याला हुतात्म्याचा हार घालायला आम्ही निघालेलो नाही.

दुसरा आक्षेप असा की त्याने करारावर सही केली होती, मग पाळायला नको? हा आक्षेप आम्हाला जास्त वजनदार वाटतो, कारण आपण युनियनवाले करारावरच जगतो. पण सही करताना दुसरा दरवाजा कुठे होता? ड्राफ्टमध्ये ज्याने नाव घेतले त्याच्याशी सही करा, नाही तर त्या लीगपुरते बेकार राहा. अशा सहीला आपल्या बापजाद्यांनी 'राजीखुशीचा करार' कधी म्हटले नाही.

एकट्याने काम बंद करणे मात्र चूक, हे आम्ही द्रुएँला तोंडावर सांगितले असते. एकट्याचा संप म्हणजे गैरहजेरी. २९ फेब्रुवारीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपली, टँपाने त्याला सोडले नाही, आणि मार्चमध्ये तो मुकाट सिराक्यूजला हजर झाला. एप्रिलमध्ये वरच्या संघाचा कर्णधार आजारी पडला तेव्हा त्याला पुन्हा वर बोलावले. बाद फेऱ्यांत १७ सामने, गोल आणि पास मिळून १४ गुण! म्हणजे पोरात खोट नव्हती. पुढच्या मोसमात २१ गोल. आणि जून २०१७ मध्ये, भाव वाढल्यावर, टँपाने त्याला माँट्रियलला देऊन बदल्यात सर्गाचोव्ह नावाचा तरुण बचावपटू घेतला. मागितली तेव्हा बदली नाही. मालकाला फायद्याची झाली तेव्हा एका दुपारीत. आपल्या म्युच्युअल बदलीत निदान दोन्ही कर्मचाऱ्यांच्या सह्या लागतात.

माँट्रियलने सहा वर्षांचे ३ कोटी ३० लाख डॉलर दिले. एप्रिल २०२१ मध्ये तो मोसम अर्धवट टाकून रजेवर गेला. पुढे त्याने स्वतःच सांगितले की वर्षानुवर्षे चिंतेने आणि निद्रानाशाने पछाडले होते. तेव्हा कुठे काहींच्या लक्षात आले की रुसलेला म्हणून ज्याला हसलो तो आजारीही असू शकतो.

जुलै २०२३ मध्ये तो करारमुक्त झाला. वय २८. अठराव्या वर्षी पुकारल्यानंतर दहा वर्षांनी त्याला पहिल्यांदा स्वतःचा मालक स्वतः निवडता आला. त्याने काय निवडले? कोलोरॅडो, जुन्या मित्राशेजारी, एका वर्षासाठी, ८,२५,००० डॉलरवर. नव्या पोरांसाठी ठरवलेल्या त्या कमाल मर्यादेपेक्षाही कमी! त्या मोसमात त्याने ५६ गुण केले, तोवरच्या कारकिर्दीतले सर्वांत जास्त. 'पैशासाठी रुसतात' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता तुम्ही विचाराल, त्या खेळाडूंची युनियन नाही का? आहे. आणि आमचे खरे भांडण तिथूनच सुरू होते.

त्या युनियनचा इतिहास आपल्या मुलांना सांगावा असा आहे. १९५७ साली डेट्रॉइटचा टेड लिंडसे आणि माँट्रियलचा डग हार्वी यांनी खेळाडूंची संघटना काढली. ठिणगी कशावरून पडली? पेन्शनवरून. खेळाडूंच्या पगारातून पेन्शन फंडाला पैसे कापले जात, आणि हिशेब मागितला तर मालक दाखवत नसत. लिंडसेचा तो मोसम भरात होता, ८५ गुण, आयुष्यातले सर्वाधिक. त्याच उन्हाळ्यात त्याला उचलून शिकागोला फेकले. ही 'प्रशासकीय कारणास्तव बदली' आपण ओळखतो. दमदाटी झाली, डेट्रॉइटच्याच खेळाडूंनी प्रथम अंग काढून घेतले, आणि १९५८ मध्ये संघटना मोडली. ती पुन्हा उभी राहिली १९६७ मध्ये, पण तिचा प्रमुख ॲलन ईगलसन हा वकील पुढे खेळाडूंनाच लुबाडणारा निघाला. १९९८ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. सरचिटणीसपद अडवून बसलेल्या प्रत्येकाने, आमच्यासकट, ही हकीकत वर्षातून एकदा वाचावी.

मग १९९४. मालकांनी १०३ दिवस टाळेबंदी केली. जानेवारी १९९५ मध्ये समझोता झाला, आणि त्या समझोत्यातच नव्या खेळाडूंच्या पगारावर ती कमाल मर्यादा आली. बसलेल्यांचे बरेचसे राहिले, आणि जे अजून आत आलेच नव्हते त्यांचे कापले गेले. २००४-०५ च्या टाळेबंदीत अख्खा मोसम बुडाला. त्यानंतर करारमुक्त होण्याचे वय ३१ वरून पायरीपायरीने २७ वर आले, हे त्या युनियनचे श्रेय आहे आणि ते नाकारता येणार नाही. पण ड्राफ्ट तसाच राहिला, नव्यांची मर्यादाही राहिली. २०१३ साली द्रुएँचे हात बांधले ते एकट्या मालकाने नव्हे. त्या दोरीच्या एका टोकाला युनियनची सही होती, आणि ती सही झाली तेव्हा द्रुएँ जन्मलाही नव्हता.

हे वाचून 'अरेरे, कॅनडातले पुढारी' असे म्हणून पान उलटू नका.

१ जानेवारी २००४ नंतर जो केंद्र सरकारच्या नोकरीत आला त्याला जुनी पेन्शन नाही. त्या वेळी आपण निषेध केला, मोर्चे काढले, पत्रके छापली. पण मे १९७४ मध्ये वीस दिवस गाड्या रोखणाऱ्या रेल्वे कामगारांचे वारस असूनही आपण एक चाक थांबवले नाही. का? कारण आपले काही जात नव्हते. जात होते ते न आलेल्यांचे. पुढे एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शनचा पर्याय आला, एकवीस वर्षांनी. तेवढ्यात एक पिढी केसांनी पिकली. पोस्टातल्या बांधवांनीही आरशात पाहावे. खेड्यात उन्हातान्हात टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक आजही नियमित कर्मचाऱ्यांत मोजला जात नाही. सभेत घोषणा द्यायला मात्र आपण त्याला पहिल्या रांगेत बसवतो.

आणि बदली! आपल्या रेल्वेत स्वविनंतीची बदली मागितली तर नव्या ठिकाणी सिनियॉरिटी तळाला. ते सोसायलाही पोरे तयार आहेत. तरी अर्ज वर्षानुवर्षे पडून. मंजुरी आली तर 'रिलीव्हर नाही, स्पेअर करता येत नाही'. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेच्या सभेत मराठवाड्यातला एक तरुण ट्रॅकमन उभा राहिला. घरी आजारी आई, बदलीच्या अर्जाला सहा वर्षे झालेली. आम्ही व्यासपीठावरून त्याला काय म्हणालो? "बाळा, आधी काम शिक. आम्ही पंधरा-पंधरा वर्षे काढली." टाळ्या पडल्या. तो खाली बसला. पुढच्या महिन्यात त्याची वर्गणी आली नाही, आणि आम्ही वहीत 'निष्क्रिय' असा शेरा मारला.

द्रुएँला लाडावलेला म्हणणारे आणि आम्ही, यांत फरक काय राहिला?

काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे रुचणार नाही. ते म्हणतील, पोरे सभेला येत नाहीत, मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, मग आम्ही कोणासाठी भांडायचे? आम्ही उलट विचारतो, सभेत त्यांच्या प्रश्नाला किती मिनिटे देतो? आमच्या शाखेच्या कार्यकारिणीत पस्तिशीच्या आतला एकही पदाधिकारी नाही. वाटाघाटीला जाणाऱ्या शिष्टमंडळात तर सगळे निवृत्तीला टेकलेले, आणि त्यात आम्हीही आलोच. जो वर्षभरात घरी जाणार तो तीस वर्षे राहणाऱ्याच्या वतीने सही करतो.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आमच्या शाखेतर्फे ठराव मांडत आहोत. वाटाघाटीच्या प्रत्येक शिष्टमंडळात निम्म्या जागा २००४ नंतर नोकरीस लागलेल्यांना, आणि पुढच्या भरतीच्या अटी बिघडवणाऱ्या कोणत्याही समझोत्यावर त्यांच्या संमतीशिवाय सही नाही. स्वविनंती बदलीच्या सर्व प्रलंबित अर्जांची तारीखवार यादी दर तिमाहीला शाखेच्या फलकावर लावायची. इतर शाखांनीही असे ठराव पाठवावेत. विरोध असेल तर त्यांनी याच पानांत लिहावे, आम्ही उत्तर देऊ.

त्या ट्रॅकमनचा अर्ज आम्ही शोधून काढला. आता आठ वर्षांचा झाला आहे. परवा त्याच्या गँगवर गेलो, वाकून पॅकिंग करत होता. अर्जाची प्रत मागितली तर म्हणाला, "आता कशाला, साहेब? आई गेली." तरी प्रत घेतली आहे. बदली त्याला अजून हवी आहे का, हे विचारायचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत.